अर्धा हापूस, एक फुलका कमी

बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, शुगर निघाली. आता आंबा संपला." नंतर बराच वेळ काही बोललाच नाहीस. गोळ्यांची तुला भीती नाही, हे आवाजावरून कळलं. पेटी उघडल्यावर सगळी घरभर फोडी खात बसतील आणि आपण कोपऱ्यात पेपर वाचत बसायचं, हे तुला लागलंय. म्हणून लिहायला बसले. माझ्या शुगरला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत आंब्याविना गेलेला हंगाम एकच, पहिला. तो का गेला आणि त्यातून मी काय शिकले, ते आधी सांगते.

शुगर निघाल्याचं कळलं तेव्हा गल्लीतल्या चार जणींनी चार याद्या दिल्या. केळं नको, द्राक्षं नकोत, चिकू तर बघायचासुद्धा नाही, आंब्याचं नाव काढू नकोस. मी शाळेत वीस-बावीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई, पण स्वतःवर आल्यावर माणूस शास्त्र विसरतो. मी सगळी फळं बंद केली. मग चार वाजता भूक लागायची. चहाबरोबर चार मारी बिस्किटं, कधी दोन खाऱ्या, कधी वाटीभर चुरमुरे. गोड काहीच नव्हतं, म्हणून मनाला खात होतं असंही नाही. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला तर शुगर आधीपेक्षा वाढलेली. आहार सांगणाऱ्या बाईंनी माझी वही पाहिली आणि शांतपणे विचारलं, "या खारीत काय असतं हो?" मैदा. मैद्याची पोटात साखरच होते आणि ती लवकर होते. जिभेला गोड लागत नाही एवढंच. मी पेरू सोडून खारी खात होते.

तेव्हापासून "हे चालतं का?" हा प्रश्न मी विचारायचा सोडून दिला. तूही सोड. त्याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं आणि दोन्ही उत्तरं अर्धवट असतात. विचारायचं ते किती, कशाबरोबर आणि कधी.

आधी किती. मला ग्रॅममध्ये विचार करता येतो, पण ताटावर बसल्यावर ग्रॅम आठवत नाहीत. म्हणून मी फुलक्याचं माप धरलं. आपल्या घरचा पातळ, लहान फुलका म्हणजे साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं. आपल्या शरीरात साखर वाढवतात ती प्रामुख्याने हीच, मग ती गव्हातून येवोत, तांदळातून येवोत की आंब्यातून. आता फळं या मापात बसव. मध्यम पेरू एक, म्हणजे एक फुलका. संत्रं एक, लहान सफरचंद एक. पपईच्या फोडी वाटीभरापेक्षा थोड्या जास्त. चिकू लहान असेल तर एक. सीताफळाचा गर दाट आणि गोड, १०० ग्रॅम गरात २४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, त्यामुळे मध्यम सीताफळातलं अर्धंच. फणसाचे गरे तीन. जळगावचं मोठं केळं अर्धं, वेलची केळं असेल तर एक अख्खं. आणि केळं निवडताना सालीवर काळे ठिपके पडलेलं घेऊ नकोस. केळं पिकत जातं तशी त्यातल्या पिठाची साखर होत जाते, म्हणून जरा करकरीत, दांड्याशी हिरवट असलेलं बरं.

हे तोंडपाठ करायची गरज नाही. पहिले पंधरा दिवस स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा ओट्यावर राहू दे. नंतर डोळ्यालाच माप बसतं.

इकडे सांगलीत फेब्रुवारी उजाडला की द्राक्षांच्या गाड्या लागतात. कोणी ना कोणी बागेतली म्हणून दोन-चार किलोची पेटी आणून देतंच. द्राक्षं हे फार फसवं फळ आहे, ते वाईट असतं म्हणून नव्हे. सोलायचं नाही, चिरायचं नाही, बी नाही, हात घोसाकडे जातच राहतो. टीव्हीपुढे बसून पाव किलो संपतात आणि आपण काही खाल्लं असं वाटतही नाही. मी घोस समोर ठेवतच नाही. पंधरा-सोळा मणी तोडून, धुऊन वाटीत घेते, पेटी आत ठेवून देते आणि मग बसते. तेवढ्याचा एक फुलका होतो. आता हेच तासगावकडच्या बेदाण्याला लावून बघ. साधारण चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा हातात येतो. पाणी गेलं, साखर तिथेच राहिली. दोन मोठे चमचे बेदाणे म्हणजे पुन्हा एक फुलका, आणि दोन चमचे बेदाणे तर माणूस डबा उघडल्या उघडल्या उभ्याउभ्याच तोंडात टाकतो. सुकं अंजीर, खजूर, जर्दाळू, सगळ्यांचं हेच. ओलं फळ हातात भरून येतं, खायला वेळ लागतो, पोट भरतं. सुकं फळ मुठीत मावतं आणि हिशोब मोठा करून ठेवतं. घरात ओलं अंजीर आलं तर एक-दीड खा, सुक्याचा डबा मात्र तुझ्या टेबलावर नको.

आता तुझ्या आंब्याकडे येते.

मागच्या मे महिन्यात दादाने पाठवलेल्या पेटीतला एक मध्यम हापूस मी काट्यावर ठेवला. २५० ग्रॅम भरला. साल काढली, कोयीला चिकटलेला गर सुरीने खरवडून घेतला आणि नुसता गर पुन्हा तोलला. १६० ग्रॅम. आंब्याच्या गरात शेकडा १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे अख्ख्या हापूसचे दीड फुलक्यांहून थोडे जास्त झाले आणि अर्ध्याचा एकाहून किंचित कमी. दुपारच्या जेवणात माझे एरवी दोन फुलके असतात. त्या दिवशी एकच घेतला. आधी काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ सावकाश खाल्ली, मग फुलका, मग आंब्याच्या फोडी. भात नाही. जेवणाआधी शुगर मोजायच्या मशीनवर ११८ होती.

दोन तासांनी पुन्हा बघायचं होतं. तेवढ्यात नातवंडं आली, त्यांना दोन आंबे चिरून दिले, हात पदराला पुसले आणि पट्टी लावली. २८७. माझे हातपाय गार पडले. अर्ध्या आंब्याने एवढी? सुनेने विचारलं, "आई, हात धुतले होते का?" साबणाने धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटातून थेंब घेतला. १५२. मघाची साखर रक्तातली नव्हतीच, बोटाला लागलेल्या आंब्याच्या रसाची होती. हे मनात कोरून ठेव. फळ सोललं, चिरलं की बोटावर साखर राहते, नुसतं पुसून जात नाही, आणि मशीनला तो रस आणि आपलं रक्त वेगळं कळत नाही. आकडा पाहून घाबरण्याआधी हात धू.

त्याच महिन्यात एका लग्नात पंगतीला आमरस होता. वाटी मोठी, रसात वरून साखर घातलेली, बरोबर चार पुऱ्या, मग मसालेभात. घरी येऊन बघितलं तर २४१. आंबा हापूसच होता. माप, जोडी आणि क्रम बदलला होता. जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत राहावं असं डॉक्टर बहुतेकांना सांगतात, तुझ्यासाठी त्यांनी कुठला आकडा धरलाय तो विचारून घे. आणि प्रत्येक फळ पहिल्यांदा खाशील तेव्हा आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा बघ. दोन ओळी वहीत लिही. माझ्या शरीराला पपई सोसते, माझ्या जावेला तेवढ्याच पपईने जास्त चढते. गल्लीतल्या याद्यांपेक्षा तुझी स्वतःची वही खरी.

आमरसच हवा असेल तर अख्ख्या घरासाठी साखर न घालता काढ, तुझी वाटी लहान घे, वर चिमूटभर मिरपूड आणि अर्धा चमचा साजूक तूप, आणि पुरीऐवजी एकच फुलका. आम्रखंडापासून मात्र लांब राहा, त्यात आंब्यापेक्षा साखर जास्त असते.

कशाबरोबर हे म्हणूनच महत्त्वाचं. नुसतं फळ रिकाम्या पोटी भरभर चढतं. त्याबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे, चार-पाच बदाम किंवा वाटीभर घट्ट दही असेल तर साखर सावकाश रक्तात येते. माझा अकरा वाजताचा पेरू मी मीठ-तिखट लावून, सालीसकट खाते. पेरूत १०० ग्रॅमला पाच ग्रॅमच्या वर चोथा असतो, एवढा आपल्या रोजच्या फळांमध्ये क्वचितच मिळतो. दात चांगले आहेत तोवर बियांसकट चाव. आणि कधी, तर जेवणाच्या वर डाळिंब, कलिंगड, केळं असं रचू नये. फळ मधल्या वेळेला घे. जेवणातच घ्यायचं तर ताटातला फुलका किंवा भात तेवढा उचलून ठेव. हे 'तेवढा उचलून ठेव' लोक विसरतात आणि मग फळाला शिव्या देतात.

कलिंगडाबद्दल तू विचारलं होतंस. १९८१ साली टोरांटोत डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुठलं अन्न किती वेगाने साखर चढवतं याची तुलना मांडली. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात तो हाच. त्याच्या पुढच्या काही याद्यांत कलिंगडाचा आकडा बराच वर दिसतो, म्हणून कित्येक जण त्याला हात लावत नाहीत. पण कलिंगडात बहुतेक पाणीच, १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं सात-आठ ग्रॅम. दोन पातळ फोडी खाल्ल्या तर अंगात साखर जाते किती? थोडी. अर्धं कलिंगड चमच्याने कोरून खाल्लं तर मात्र ती थोडी राहत नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही अशीच, आठ-दहा खाल्ल्या तरी एका फुलक्याच्या आत.

रस मात्र नको. मोसंबीचा नको, संत्र्याचा नको, उसाचा तर अजिबात नको. एका पेल्यात तीन-चार मोसंबी पिळली जातात, चोथा गाळणीत राहतो आणि दोन मिनिटांत सगळी साखर आत जाते. तीन मोसंबी सोलून फाका खायला बस, दुसऱ्याच मोसंबीला थांबशील. अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजारांहून अधिक परिचारिका आणि इतर आरोग्यसेवकांच्या नोंदींवरून २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद जास्त खाणाऱ्यांमध्ये पुढे मधुमेह कमी आढळला आणि फळांचे रस जास्त पिणाऱ्यांमध्ये अधिक. तो शुगर होण्याआधीच्या माणसांचा अभ्यास होता, पण अख्खं फळ आणि रस यातला फरक त्यातून नीट दिसतो. शिकरण, मिल्कशेक, फ्रूट सॅलड हेही रसाच्याच बाजूचे. लहानपणी तुला आजीच्या हातची शिकरण-पोळी आवडायची, मला आठवतंय. केळं, दूध, वर साखर आणि खाली पोळी, चारही बाजूंनी कर्बोदकं. शहाळं चालवून घेता येतं, त्यातली मलई चावून खा. उन्हाळ्यात तहान लागली की बिनसाखरेची सोलकढी किंवा ताक. कोकम सरबताच्या तयार बाटलीत कोकमापेक्षा साखर जास्त असते, घरी आगळ, मीठ, जिरं घालून कर.

एक गोष्ट इथेच बजावून सांगते. जांभळं खा, आषाढात दहा-पंधरा खा, छान फळ आहे. पण जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस, मेथीचं पाणी यांच्या भरवशावर गोळी सोडू नकोस. आमच्या मागच्या आळीतल्या एका गृहस्थांनी पूड सुरू केली आणि गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, शुगर ४०० च्या पुढे गेली होती. पूड घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, गोळीबरोबर, आणि मशीनवर लक्ष ठेवून.

आता गोडाचं. तुला वाटत असेल की फळात आत्या मोकळी आहे, गोडात कडक असेल. कडक आहे, पण सणाला नाही.

रोजचं गोड मी बंद केलं. जेवणानंतर बडीशेपेबरोबर खडीसाखर, चहात दीड चमचा, चार वाजताचा लाडू, ही सवयीची साखर कोणाला आनंद देत नाही, नुसती चालू असते. चहातली साखर मी दर आठवड्याला पाव-पाव चमचा कमी केली. महिन्यात जीभ बदलली. आता कोणी साखरेचा चहा दिला तर मला पाक प्यायल्यासारखं वाटतं. ही वाचवलेली साखर मी वर्षातल्या दहा-बारा दिवसांवर खर्च करते आणि त्या दिवशी मनापासून खाते.

गणपतीला उकडीचा मोदक. एका मध्यम मोदकात तांदळाची उकड आणि गुळाचं सारण मिळून माझ्या हिशोबाने २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे दीड फुलक्याहून थोडं जास्त. पारी पातळ काढायला शीक, हात चांगला असला तर उकड निम्मी लागते. सारणात खोबरं वाढव, गूळ कमी कर, वेलची आणि जायफळ सढळ हाताने घाल. वास गोडाचा आला की जिभेला कमी गुळातही गोड वाटतं. दोन मोदक, वर चमचाभर तूप, आणि त्या दिवशी वरणभातातला भात नाही. होळीला अर्धी पुरणपोळी, दुधाबरोबर नाही, कटाच्या आमटीबरोबर.

श्रीखंडाचं तर मी घरचं गणितच बदललं. जुन्या रीतीने चक्क्याएवढीच साखर पडते. किलोभर चक्क्याला किलोभर साखर, मी स्वतः तशी घातली आहे. आता पाव पट घालते. दही टांगून ठेवायचं, सगळं पाणी निथळू द्यायचं, मग चक्का गाळणीतून दोनदा काढायचा. आंबट दही घेतलंस तर साखर जास्त लागते, म्हणून दूध रात्री विरजून सकाळी लगेच टांगायला घे. केशर कोमट दुधात खलून, वेलची ताजी कुटून. लहान वाटीभर, म्हणजे ६०-७० ग्रॅम श्रीखंडात साखर १२-१४ ग्रॅम जाते आणि चक्क्यातलं प्रथिन पोटाला आधार देतं. गुढीपाडव्याला पाहुण्यांना हेच वाढते. अजून कोणी "साखर कमी पडली" असं म्हटलेलं नाही.

गूळ, मध, खजूर, नारळाची साखर ही नावं ऐकून हुरळून जाऊ नकोस. कोल्हापुरी गुळाची चव साखरेला नाही हे मीही मान्य करते, आमटीत तोच घालते. पण रक्तात गेल्यावर गूळही साखरच. "साखर न घातलेला खजुराचा लाडू" हेही तसंच. १०० ग्रॅम सुक्या खजुरात साठ ग्रॅमच्या वर साखर निसर्गानेच भरलेली असते. मोरावळा आवळ्याचा म्हणून चमच्या-चमच्याने खाणाऱ्या बायका मी पाहिल्यात. आवळा पाकात बुडालेला असतो हे लक्षात येत नाही. आवळा हवा तर मीठ-हळदीतला घे.

आणि ते 'शुगर फ्री' पेढे-बर्फी. एका दिवाळीत एका मिठाईच्या दुकानातून मोठ्या विश्वासाने पाव किलो बर्फी आणली. पाटीवर हिरव्या अक्षरात लिहिलं होतं की मधुमेहींसाठी खास. तीन तुकडे खाल्ले, कारण खास आपल्यासाठी म्हटल्यावर हात सैल सुटतो. दोन तासांनी २२८. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, साखर नाहीच, खवा आहे आणि बांधायला थोडा मैदा." खव्यात दुधाची साखर आहे, मैदा आहेच, शिवाय तूप. तेव्हा फार राग आला. एवढ्या लोकांना हा आजार आहे, २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांच्या भाबडेपणावर पाट्या लागतात. पाकिटातली वस्तू असेल तर उलटी करून वाच. घटक जास्त वजनाचे आधी लिहितात. पहिल्या दोन-तीनमध्ये मैदा, माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप असेल तर समोर काहीही छापलेलं असो, परत ठेव. 'साखर' नावाची ओळ बघून थांबू नकोस, एकूण कर्बोदकं बघ.

गोडी आणणाऱ्या गोळ्या-पुड्यांचं थोडक्यात. चहात एखादी टाकली तर बिघडत नाही. ॲस्पार्टेमची गोडी तापवल्यावर जाते, त्यामुळे खिरीत नको. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल घातलेली चॉकलेटं जास्त खाल्ली तर पोट फुगतं आणि जुलाब होतात. मी त्यांच्या नादी लागले नाही, कारण जीभ गोडाचीच सवय धरून राहते.

आता जे सांगणार आहे ते तुझ्या बायकोलाही वाचायला दे.

पाच वर्षांपूर्वीची संकष्टी. दिवसभरात एक पेरू आणि ताक घेतलं होतं. चंद्रोदय नऊच्या पुढे होता. सवयीने आठ वाजता मी संध्याकाळची गोळी घेतली, जेवण व्हायचं होतं. मोदकपात्रातून वाफ येत होती, झाकण उचलायला गेले आणि हात थरथरायला लागला. आधी वाटलं वाफेने. मग कपाळावरून गार घाम ओघळला, सून काहीतरी विचारत होती आणि मला शब्द सापडेना. नातीने घाबरून देवापुढचा पेढा माझ्या तोंडात घातला. पेढा तोंडातच फिरत राहिला, बरं वाटेना. सुनेने मशीन आणलं, ५४. तिने अर्धा कप पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून घोट-घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ८२. मग वरणभात खाल्ला.

साखर ७० च्या खाली गेली की साधी साखर किंवा ग्लुकोज पावडरच हवी, तीन चमचे, पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. पेढा, बर्फी, चॉकलेट तिथे उपयोगी पडत नाहीत, त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर उशिरा सुटते. तुझ्या गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज असेल तर घरची साखरही वेळेवर काम करत नाही, म्हणून ग्लुकोजचीच पुडी खिशात हवी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, गाडी काढायची. आणि उपवास धरण्याआधी डॉक्टरांना गोळीचं विचारायचं. मी तेव्हा विचारलं नव्हतं. नुसतं मेटफॉर्मिन असणाऱ्याला असं सहसा होत नाही, पण गोळ्या पुढे बदलतात, म्हणून आतापासून माहीत असू दे. उपवासाचा फराळ म्हणून साबुदाण्याची खिचडी, रताळं आणि केळं एकाच ताटात घेणं हेही तितकंच चुकीचं, तिथे साखर उलट्या दिशेने पळते.

किडनीचे रिपोर्ट दरवर्षी करत जा. ते कधी बिघडले तर फळांचा सगळा हिशोब बदलतो. केळं, शहाळं, मोसंबी यातलं पोटॅशियम तेव्हा त्रास देतं आणि मी वर लिहिलेलं माप तुला चालणार नाही. मग डॉक्टर सांगतील तेच.

आणि आग्रह. आपल्याकडे "एकाने काय होतंय" म्हणत ताटात वाढतात, आणि नाही म्हटलं की वाढणाऱ्याला लागतं. मी आजार सांगत बसत नाही. "अर्धाच द्या, चव घेते" म्हणते आणि तो अर्धा खरंच मन लावून खाते. प्रसाद सुपारीएवढा घेते. वाढणाऱ्याचा मान राहतो, माझंही तोंड गोड होतं. तू ऑफिसात वाढदिवसाच्या केकपाशी डबा लपवत उभा राहतोस असं तुझी बायको म्हणाली. लपवायचं काही नाही त्यात. एक घास घे, बाकी देऊन टाक, आणि मग दहा-पंधरा मिनिटं जिना उतर-चढ किंवा आवारात चाल. जेवणानंतर चाललं की साखर खाली राहते, हे माझ्या वहीत कितीतरी वेळा दिसलंय.

दादाला मी यंदा चारऐवजी दोनच डझन पाठवायला सांगितलंय, आढी घालायला गवत आहे माझ्याकडे. पंधरा मेच्या आसपास पिकतील. रविवार धरून ये, मुलांनाही आण. सकाळी तोलून ठेवू, दुपारी उसळ आणि एक फुलका, मग अर्धा-अर्धा हापूस तू आणि मी. येताना तुझं मशीन घेऊन ये, माझ्या पट्ट्या संपत आल्यात.

तुझी आत्या